आर्द्रेची धूळ आणि कूलरच्या पत्र्याची दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मला पहिल्यांदा पाहणारं माणूस हमखास विचारतं, "याच्यात पाणी कुठून टाकतेत?" चूक त्यांची नाही. माझं अंग कूलरच्या पत्र्याचं आहे. रंगही कूलरचाच, फिका निळा. पोटावर ठळक अक्षरांत 'लियाकत कूलर्स, घुग्घुस' असं छापलेलं आहे आणि खाली चार चाकं आहेत, तीही कूलरचीच. एक बाई तर भर उन्हाळ्यात माझ्या तोंडासमोर खुर्ची ओढून, पदरानं घाम पुसत वाऱ्याची वाट पाहत बसली होती. मी काय करणार? माझ्यातून वारा येत नाही. माझ्यात उजेड येतो, तोही फार लांबून आणि फार उशिरा.

सध्या माझा मुक्काम धानोऱ्याला, एका शाळेच्या व्हरांड्यात आहे. माझ्या तळाशी सहा इंचांचा गोल आरसा आहे आणि त्या आरशावर बोटभर लांबीचा एक ओरखडा आहे. मुलं विचारतात, "हे कोणी केलं?" आज त्या ओरखड्याचीच गोष्ट सांगते. मध्येच एक म्हातारी चांदणी येईल, तिला घाबरू नका. ती फार लांब आहे.

माझा जन्म घुग्घुसचा. घुग्घुस म्हणजे कोळसा, सिमेंट, ट्रकांच्या रांगा आणि धूळ. सकाळी वाळत घातलेला पांढरा सदरा दुपारी काढावा, तर त्याचा मूळ रंग कोणता ते धुणाऱ्यालाच विचारावं लागतं. तिथली माणसं धुळीवर चिडत नाहीत, धूळ घरातलीच समजतात. फक्त काही बिघडलं की पहिला संशय तिच्यावर. पंखा अडला, धूळ. रेडिओ खरखरला, धूळ. भाच्याला गणितात कमी गुण मिळाले तेव्हा जाहिदाभाभी म्हणाल्या होत्या, "धूळ बसली असंन डोक्यात, झटका त्याले."

जाहिदाभाभी म्हणजे लियाकतभाईंच्या पत्नी, आणि लियाकतभाई म्हणजे मला घडवणारे. घुग्घुसचे कूलरवाले. मार्च ते जून त्यांना जेवायला फुरसत नसायची. चंद्रपूरकडचा उन्हाळा काय असतो ते मी सांगायला नको. पत्रा कापायचा, वाकवायचा, ठोकायचा, वाळ्याच्या ताट्या भरायच्या, पंप चालवून पाहायचा. पण हिवाळ्यात कूलरला कोण विचारतो? दिवाळीनंतर दुकानात माशीसुद्धा फिरकत नसे.

लियाकतभाईंचे अब्बा, वाजिदमियाँ, पत्र्याच्या पेट्या बनवायचे. संध्याकाळी गच्चीवर खाट टाकून आभाळ पाहत पडायचे. चौपन्नाव्या वर्षी एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "चांदण्या काऊन कमी झाल्या रे?" घरचे हसले. म्हणाले, धूळ आहे, अब्बा. दोन वर्षं घरच्यांनी सगळं धुळीवर ढकललं. शेवटी डॉक्टरकडे नेलं तेव्हा काचबिंदूनं दोन्ही डोळे जवळजवळ नेले होते. डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तर होती तेवढी नजर राखता आली असती.

नजर पुरती गेल्यावर वाजिदमियाँ खाटेवर पडून रोज विचारायचे, "आज कोणती निघाली?" लियाकतभाई वर पाहून सांगायचे. नीट सांगता यावं म्हणून ते नक्षत्रं शिकले, चंद्रपूरच्या एका शिबिरात तीन दिवस जाऊन बसले. पुढे अब्बा गेले. ऐकणारं कोणी उरलं नाही, पण संध्याकाळी वर पाहायची सवय उरली. त्याच हिवाळ्यात त्यांनी मला बनवायला घेतलं.

माझी काच एका कबाड्याच्या ढिगातली, जाड आणि हिरवट. लियाकतभाईंनी रेतीनं भरलेल्या ड्रमावर एक काच ठेवली, तिच्यावर दुसरी, मध्ये घासायची पावडर आणि पाणी, आणि ड्रमाभोवती फिरत घासायला सुरुवात केली. घासायचं, एक पाऊल सरकायचं, पुन्हा घासायचं. आधी भरड पावडर, मग बारीक, मग त्याहून बारीक. दोन महिने हा फेरा चालला. जाहिदाभाभी दारात उभ्या राहून म्हणायच्या, "अजी, इतके फेरे घाण्याच्या बैलानं घेतले असते तं पिंपभर तेल निघालं असतं!" तेल नाही निघालं, पण काचेत बशीसारखा उथळ खोलगा तयार झाला. मग तिला पुण्याला पाठवून चकचकीत मुलामा चढवून आणला. मुलाम्याला बोटही न लागू देता लियाकतभाईंनी तिला कडेला धरून खोक्यातून उचललं, ते मला अजून आठवतं. एवढ्या जपणुकीची मला पुढे सवयच लागली.

आता त्यांच्या कामाची एक रीत सांगते, कारण सगळा घोळ तिथंच झाला. पत्रा कापायला कात्री हातात घेतली की ती आधी एका ठरलेल्या जुन्या तुकड्यावर चालवून पाहायची. तुकडा सरळ कापला गेला तर कात्री ठीक. तुकडा तोच, वर्षानुवर्षं. तीच रीत त्यांनी मला लावली. माझा तुकडा म्हणजे आर्द्रा.

मृग नक्षत्रात तीन तारे एका ओळीत असतात ना, त्यांच्यापासून जरा दूर एक ठळक तांबूस चांदणी दिसते, तीच ती. पुस्तकांत तिला काक्षीसुद्धा म्हणतात. ती इतकी मोठी आहे की सूर्याच्या जागी आणून ठेवली तर आपली पृथ्वी तिच्या पोटात जाईल. आणि गंमत ऐका, ती म्हातारी आहे, पण वयानं सूर्यापेक्षा कितीतरी लहान! मोठ्या ताऱ्यांचं असंच असतं. जळण पुष्कळ, पण जाळण्याचा सपाटा त्याहून मोठा, म्हणून म्हातारपणही लवकर.

तर रोज संध्याकाळी लियाकतभाई मला गच्चीवर ढकलत न्यायचे, पहिली नजर आर्द्रेला लावायचे आणि वहीत तीन गोष्टी लिहायचे: 'आर्द्रा ठीक. आरसा ठीक. डोळा ठीक.' मग चंद्र, गुरू, जे काय असेल ते. अकरा हिवाळे ही वही चालली. गल्लीतली माणसं यायची, खाणीतून पाळी संपवून आलेले लोक मोटारसायकल लावून वर चढायचे, शनीची कडी पाहून "अरे बाप्पा!" म्हणायचे. माझं फार कौतुक व्हायचं. मी थोडी फुशारलेही होते, कशाला खोटं बोलू?

मग दोन हजार एकोणीसचा डिसेंबर आला. एका संध्याकाळी लियाकतभाईंनी मला आर्द्रेकडे वळवलं, डोळा लावला आणि तसेच थांबले. डोळा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा लावला. आर्द्रा होती, पण फिकी. मला वाटलं, ढग असेल. दुसऱ्या दिवशी तेच. आठवड्यानं आणखी फिकी.

घुग्घुसच्या माणसाला काय वाटणार? धूळ!

लियाकतभाईंनी माझा आरसा बाहेर काढला. तो पुसायचा नसतो हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्यांनी आधी नुसतं पाणी ओतलं, मग धीर सुटला आणि मऊ मलमलीचा कपडा घेतला. कपडा दोरीवर वाळत होता, आणि दोरी घुग्घुसात होती. त्यात अडकलेला एक कण, कोळशाचा की सिमेंटचा देव जाणे, माझ्या अंगावरून कर्रकन गेला. लियाकतभाईंनी "या अल्ला!" म्हणून कपडा फेकला आणि डोकं धरून खाली बसले. मला दुखलं म्हणजे फार दुखलं, मित्रांनो. अकरा वर्षं ज्यानं फुंकरसुद्धा जपून मारली, त्याच्याच हातानं हे व्हावं ना!

त्या संध्याकाळी आर्द्रा आणखीनच मंद होती. आरसा तर लख्ख धुतलेला. लियाकतभाई माझ्यापासून दूर झाले आणि त्यांनी नुसत्या डोळ्यांनी वर पाहिलं. तशीही मंदच. मग त्यांनी वहीत लिहिलं: 'आर्द्रा मंद. आरसा धुतला. तरी मंद. म्हणजे डोळे.'

त्या हिवाळ्यात लियाकतभाईंना चौपन्नावं लागलं होतं.

त्यानंतर त्यांनी मला कुठंच वळवलं नाही. रोहिणी शेजारीच चमकत होती, पलीकडे व्याध होता, पण एकदा माणसाच्या मनात भीती बसली की त्याला सगळंच अंधुक दिसायला लागतं. मलाही काही कळेना. वाटलं, दोष आपलाच, आता तर ओरखडाही पडलाय. तरी मनात एक किडा वळवळत होताच, की ओरखडा पडायच्या आधीपासून आर्द्रा फिकी का दिसत होती? पण दुर्बिणीला डोळा असतो, जीभ नसते.

लियाकतभाई दिवसभर एक डोळा मिटून बघायचे, मग दुसरा मिटून. जाहिदाभाभी म्हणाल्या, "अजी, या वयात कोणाले डोळा मारून राह्यले?" ते हसले नाहीत. एरवी जानेवारीत पत्रा यायचा, उन्हाळ्याचं काम सुरू व्हायचं. यंदा पत्रा आला नाही.

"जानेवारी सरून राह्यला, पत्रा काऊन नाई आणला?" भाभींनी विचारलं.

"यंदा कूलर नाई."

"नाई म्हंजे?"

"नाई म्हंजे नाई. कात्री बोटावर चालली तं कोण पाह्यीन?"

एवढं बोलून ते बाहेर गेले. डॉक्टरकडे मात्र ते गेले नाहीत. अब्बांना जे ऐकावं लागलं ते आपल्यालाही ऐकावं लागेल, हीच भीती होती. हात शाबूत, कसब शाबूत, आणि माणूस दुकान बंद करायला निघालेला! मला त्यांचा रागही यायचा आणि जीवही तुटायचा.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात धानोऱ्याहून गुणवंतराव आले. ते धानाचे शेतकरी. वीस वर्षांपूर्वी गडचिरोलीच्या बाजारात लियाकतभाईंकडून कूलर घेतला, तेव्हापासूनची दोस्ती. दरवर्षी नवा तांदूळ आणि पुडीभर चारोळी घेऊन यायचे. चहा झाला आणि लियाकतभाई एकदम म्हणाले, "गुणवंतराव, ही दुर्बीण घेऊन जा. दिव्यानीच्या शाळेले कामात येईन."

दिव्यानी ही गुणवंतरावांची मुलगी, तिथल्या शाळेत विज्ञान शिकवते.

"काऊन गा? इतक्या हौसेनं बनवली, अन् मले देऊन राह्यला?"

"इथी काय दिसते आता? धूळच धूळ."

"धूळ काय आजची हाये?" गुणवंतराव म्हणाले. पण लियाकतभाई तोंड फिरवून पोतं शोधायला उठले.

मला पोत्यात गुंडाळून एका पिकअपमध्ये चढवलं. वही माझ्यासोबत दिली. तिच्या पहिल्या पानावर लियाकतभाईंनी लिहून दिलं होतं: 'पहिले आर्द्रा पाहावी. ती नीट दिसली तर बाकी पाहावं.' गाडी हलली तेव्हा त्यांनी माझ्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. मी पोत्यात होते, मला त्यांचं तोंड दिसलं नाही.

चंद्रपूर, गडचिरोली आणि मग जंगल. ट्रकांचे आवाज मागे राहिले. धानोऱ्याला पोहोचले आणि संध्याकाळी मला शाळेच्या पटांगणात उभं केलं, तेव्हा मी पहिल्यांदा स्वच्छ आभाळ पाहिलं. काय सांगू! घुग्घुसला मला मोजक्याच चांदण्या माहीत होत्या. इथं त्यांची अशी दाटी होती की ओळखीची चांदणी शोधताना मी गोंधळले. वसतिगृहाची मुलं भोवती जमली. एकानं पाणी कुठून टाकतात ते विचारलंच.

दिव्यानीनं वही उघडली आणि लिहिल्याप्रमाणे मला आर्द्रेकडे वळवलं. डोळा लावला. "अगं बाई, हे काय?" तिनं आरशात वाकून टॉर्च मारला. "ओरखडा! रस्त्यात लागलं वाटते. म्हणून फिकी दिसून राह्यली." माझ्यावर आळ आला, आणि मी निमूट ऐकून घेतला.

गुणवंतराव हात मागे बांधून उभे होते. दुर्बिणीत पाहायची त्यांना घाई नव्हती. ते नुसतेच वर पाहत होते.

"बाई, आरशाचं जाऊ दे," ते म्हणाले. "वर पाह्य. आर्द्रा नुसत्या डोळ्यानं बी विझल्यावानी दिसते. आमच्या धानाच्या रोवण्याचं नक्षत्र, त्याले काऊन असं झालं?"

"हवेत काही असंन बाबा. धुकं, धूर."

"मंग रोहिणी काऊन झकास हाये?"

दिव्यानीनं मान वळवून रोहिणीकडे पाहिलं. गुणवंतरावांनी बांधीचा, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्याचा दाखला दिला, "हे पाह्य. आपली एक बांधी पिवळी पडली, तं आमी पहिले शेजारची बांधी पाह्यतो. तिथला धान बी पिवळा असंन, तं पाण्याचा दोष. तिथला हिरवा असंन, तं दोष आपल्याच बांधीत. आर्द्रेच्या शेजारची बांधी हिरवीगार हाये. मंग दोष कोणाचा?"

दिव्यानीनं मला झटकन रोहिणीकडे वळवलं. रोहिणी माझ्या आरशात अशी उतरली की काय सांगू, ओरखड्यासकट मी लख्ख! व्याध पाहिला, लख्ख. पुन्हा आर्द्रा, फिकी. दोन महिन्यांत जे कोणी केलं नव्हतं ते दोन मिनिटांत झालं. आरसा मळका असता तर सगळ्याच चांदण्या फिक्या दिसल्या असत्या. डोळा अधू असता तरी सगळ्याच. इथं तर एकटीच मंदावली होती. म्हणजे बिघाड माझ्यात नव्हता, डोळ्यांत नव्हता, हवेतही नव्हता. बिघाड आभाळात होता!

मग दिव्यानी वही चाळू लागली. टॉर्चच्या उजेडात तिनं ते शेवटचं पान वाचलं: 'तरी मंद. म्हणजे डोळे.' तिनं पान वडिलांसमोर धरलं. गुणवंतरावांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बह्याड माणूस! म्हणून देली त्यानं दुर्बीण. फोन लाव त्याले, लवकर."

शाळेच्या मागच्या मोहाच्या झाडाखालीच तेवढी रेंज येते. मी तिथून दहा पावलांवर होते आणि फोन स्पीकरवर होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"चाचा, दिव्यानी बोलतो. तुमच्या वहीप्रमाणं पहिले आर्द्रा लावली. मंद दिसून राह्यली."

पलीकडे घुग्घुसचा एक ट्रक हॉर्न वाजवत गेला.

"चाचा? आयकून राह्यले ना?"

"तुले बी?" लियाकतभाई म्हणाले. आवाज इतका बारीक, की मला आधी ओळखूच आला नाही.

"हव, मले बी. बाबाले बी, सगळ्या पोरायले बी. दुर्बीण नसली तरी तशीच. अन् रोहिणी एकदम झकास हाये. चाचा, ती खरंच मंद झाली. तुमचे डोळे नाई गेले."

गुणवंतरावांनी फोन ओढून घेतला. "अबे लियाकत, मागच्या दिवाळीत मोतीबिंदू काढून नवं भिंग बसवलं माह्या डोळ्यात. तुह्या डोळ्यावर भरोसा नसंन, तं माह्यावर ठेव!"

त्यावर पलीकडे एक हुंदका आला, आणि मागून जाहिदाभाभींचा आवाज, "काय झालं जी? काऊन रडून राह्यले? कोणाचा फोन हाये?" आणि फोन बंद झाला.

पुढचं मला नंतर कळलं. भाभींनी त्या संध्याकाळी सगळं काढून घेतलं, आधी रागावल्या, मग रडल्या, आणि सकाळी रिक्षा बोलावली. लियाकतभाई म्हणाले, आता कायले दवाखाना, चांदणीच मंद होती. भाभी म्हणाल्या, "चांदणी मंद झाली हे खरं. पण अब्बाचे डोळे गेले हे बी खरं हाये ना? बसा रिक्षात." चंद्रपूरच्या डॉक्टरनं तपासलं. दोन्ही डोळे चांगले होते, जवळचा चष्मा तेवढा लागला. पण वडिलांना काचबिंदू होता म्हणून दरवर्षी येत जा, असं डॉक्टरनं बजावलं.

मार्चच्या पहिल्या रविवारी दोघं धानोऱ्याला आले. लियाकतभाईंच्या नाकावर नवा चष्मा होता आणि अंगठ्याला पत्र्यानं ताजं कापलेलं होतं. म्हणजे काम सुरू झालं होतं! त्यांनी माझ्या आरशात वाकून ओरखडा पाहिला आणि हळूच झाकण लावलं.

संध्याकाळी मुलांनी दिव्यानीला घेरलं. "मॅडम, पण ती मंद काऊन झाली?" तेव्हा कोणालाच नक्की माहीत नव्हतं. ती म्हणाली, "शास्त्रज्ञ बी शोधून राह्यले." उत्तर यायला वर्षाहून जास्त लागलं. ते मी तुम्हांला आत्ताच सांगते, मला राहवत नाही.

तारा म्हातारा झाला की फुगतो. फुगला की त्याचं बाहेरचं अंग मध्यापासून इतकं लांब जातं की आतली ओढ तिथं ढिली पडते. आत सारखी उकळी चालूच असते. मग बाहेरचा वायू सुटतो, थोडा थोडा नेहमीच, आणि कधी एकदम मोठा झोत. बाहेर तर कडाक्याची थंडी. वायू निवतो आणि त्यातून बारीक कण तयार होतात. ते कण म्हणजे धूळ. आर्द्रेनं असाच एक झोत सोडला, नेमका आपल्या बाजूला. तिचं अंगही तिथं जरा निवलं, आणि वर ही धूळ तोंडावर आली. म्हणून ती फिकी दिसली. आणि हे घडलं कधी? तिचा उजेड इथं यायला पाचशेहून जास्त वर्षं लागतात. घुग्घुसला खाण नव्हती, तेव्हाची ती धूळ!

शेवटी आपला सूर्यही म्हातारपणी फुगेल आणि अंगावरचे थर सोडून देईल. फार उशीर आहे, घाबरू नका. हे सांडलेलं वाया जात नाही. त्यातूनच पुढे नवे तारे आणि नव्या पृथ्व्या बनतात. घुग्घुसच्या कोळशातला कार्बन आणि माझ्या काचेतली वाळू, यांचं सामानही कधीतरी अशाच ताऱ्यांनी उधळलेलं. ज्या कणानं मला ओरखडलं त्याचं आजोळही तिकडेच. हे कळल्यापासून त्याच्यावरचा माझा राग थोडा कमी झाला. सगळा नाही.

त्या मार्चच्या संध्याकाळी मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. लियाकतभाईंनी आधी रोहिणी पाहिली. मग व्याध. मग मला हळूच आर्द्रेकडे वळवलं. ती किंचित उजळायला लागली होती. दिव्यानी म्हणाली, "चाचा, आता घेऊन जा दुर्बीण. तुमचीच हाये."

"नाई. इथलं आभाळ चांगलं हाये, तिले राहू दे." त्यांनी माझ्या पत्र्यावर हात ठेवला. "मी हिले भीतीनं देलतं. आता खुशीनं देतो."

पुढच्या वर्षाच्या अखेरीस ते हिवाळ्यात आले, तोवर धुळीची बातमी आलेली होती. दिव्यानीनं ती वाचून दाखवली. लियाकतभाईंनी सगळं ऐकलं, माझ्यात डोळा लावला, आर्द्रा आता पहिल्यासारखी तांबडी झाली होती, आणि तिच्याकडे पाहत म्हणाले, "काय वो बाई, धूळ तुवा उडवली, अन् आरसा म्या पुसला!"

सगळं पटांगण हसलं. गुणवंतरावांना तर ठसका लागला.

आता लियाकतभाई साठीचे आहेत. कूलर अजून बनवतात, कमी बनवतात. दर हिवाळ्यात डोळे तपासून घेतात आणि मगच इकडे येतात. दोन वर्षांपूर्वी काय झालं, ते सांगून थांबते. त्या वर्षी डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, डोळ्यांतला दाब वाढायला लागलाय. काचबिंदूची सुरुवात. पण वेळेवर आलात, थेंब घाला, नजर राहील. लियाकतभाई खिशात थेंबांची बाटली घेऊनच आले. व्हरांड्यात बसून त्यांनी दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घातला, भाभींनी पदरानं ओघळ टिपला, आणि मग मला पटांगणात ढकलत नेलं. आर्द्रेनं तेव्हा तोंडावर धूळ ओढली नसती, तर हा माणूस दवाखान्याची पायरी कधी चढला असता? वाजिदमियाँच्या वेळी सगळ्यांनी धूळ म्हणून सोडून दिलं. या वेळी खरंच धूळ निघाली, आणि तिनंच डोळे वाचवले.

म्हणून मित्रांनो, हात जोडायला मला हात नाहीत, तरी विनवते. काही मंद दिसलं तर लगेच कपडा घेऊन धावू नका. आधी शेजारची बांधी पाहा. माझ्यासारखीचा आरसा तर मुळीच पुसू नका, हवं तर झाकण लावा. आणि घरातलं कोणी वर पाहून म्हणालं, "चांदण्या कमी झाल्या काय रे?", तर हसू नका. धूळ आहे म्हणू नका. त्यांच्याशेजारी बसून तुम्हीही वर पाहा, आणि सकाळी दवाखान्यात घेऊन जा.

त्या थेंबांच्या संध्याकाळी लियाकतभाईंनी सगळ्या चांदण्या पाहून झाल्यावर वही मागितली. चष्मा पुसला, मांडीवर वही ठेवली आणि सावकाश लिहिलं:

'रोहिणी ठीक. आर्द्रा ठीक. आरशाले ओरखडा, माझ्या हातानं. डोळा हाये.'